यंत्राला चेहरा कसा शिकवतात?

(मोबाईल, विमानतळ, कार्यालये अशा ठिकाणी आता यंत्रे माणसाचा चेहरा ओळखू लागली आहेत. ही ओळख यंत्रात आपोआप येत नाही. माणसांनी गोळा केलेल्या आणि लेबले लावलेल्या हजारो छायाचित्रांतून ती घडते. हे काम कसे चालते आणि ते करताना कोणती काळजी घ्यावी लागते, हे या पाठात सांगितले आहे.)



‘चेहरा’ हा शब्द तुम्ही घरी वापरता, तसाच मराठीच्या तासालाही वापरता. फारसीतून तो उर्दूत आला, मराठीतही आला आणि दोन्हीकडे रुळला. पण पूर्वी या शब्दाला आणखी एक अर्थ होता. मोगलांच्या लष्करी दफ्तरात ‘चेहरा’ म्हणजे स्वाराच्या वर्णनाचा कागद. सरदाराला ठरावीक स्वार बाळगण्यासाठी पगार मिळत असे. काही सरदार कमी स्वार बाळगत आणि हजेरीच्या दिवशी भाड्याची माणसे व उसने घोडे उभे करत. ही लबाडी थांबवण्यासाठी अकबराच्या काळात घोड्यांना डाग देण्याची आणि स्वारांचा चेहरा लिहून ठेवण्याची पद्धत पक्की करण्यात आली. रंग गव्हाळ, कपाळ रुंद, भुवया सुट्या, भुवईवर तलवारीचा वण, अशा खुणा त्या कागदावर असत. हजेरीच्या वेळी कारकून कागद वाचत असे आणि समोरच्या माणसाकडे पाहत असे.

दख्खनेतील मोगल कारभाराच्या कागदपत्रांचा मोठा साठा हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात आहे. त्यात ‘अर्ज-ओ-चेहरा’ या नावाचे असे कागदही आहेत. चेहरा पाहणे आणि त्याच्या खुणा लिहून ठेवणे हे काम आपल्या मुलखाला नवीन नाही. नवीन आहे ते एवढेच, की पूर्वी ओळख पटवणारा कारकून होता आणि आता ते काम यंत्राकडे येत आहे.

हे काम आज कोठे कोठे चालते? अनेक मोबाईल मालकाचा चेहरा पाहून उघडतात. पुण्याच्या विमानतळावर २०२३ पासून प्रवाशाची इच्छा असेल, तर चेहरा दाखवून आत जाण्याची सोय आहे. निवृत्तिवेतन घेणाऱ्या वृद्धांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. नोव्हेंबर २०२१ पासून केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांसाठी हा दाखला मोबाईलसमोर चेहरा दाखवून देण्याची व्यवस्था सुरू झाली. म्हाताऱ्या माणसाला कचेरीत जाऊन रांगेत उभे राहण्याची गरज उरली नाही. पण यंत्राने त्या आजोबांना ओळखलेच नाही, तर? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर यंत्राला ओळखायला कोण शिकवते आणि कसे शिकवते, हे आधी समजून घ्यावे लागेल.

तुमचे मामा लांबून येताना दिसले तरी तुम्ही त्यांना ओळखता. त्यांनी टोपी घातली, दाढी वाढवली, तरी तुमची चूक होत नाही. यंत्राला मात्र मामा दिसत नाहीत. त्याला फक्त आकडे दिसतात. संगणकातील छायाचित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी असते. छायाचित्र ६४० ठिपके रुंद आणि ४८० ठिपके उंच असेल, तर त्यात ३,०७,२०० ठिपके होतात. काळ्या-पांढऱ्या छायाचित्रात प्रत्येक ठिपक्याला शून्य ते २५५ यांपैकी एक आकडा असतो. शून्य म्हणजे गडद काळा, २५५ म्हणजे पांढराशुभ्र. मामांनी मान थोडी वळवली किंवा खिडकीतून ऊन आले, की हे जवळजवळ सगळे आकडे बदलतात. मग हे तेच मामा आहेत, हे यंत्राने कसे ओळखावे?

येथे तुमचेच उदाहरण घ्या. उर्दू शिकताना बे, पे आणि ते यांचा साचा एकच असतो, फरक असतो तो नुक्त्यांचा. मराठी शिकताना सुरुवातीला ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत तुमचा गोंधळ झाला असेल. गुरुजींनी तुम्हाला त्यांच्या रेषा मोजून दाखवल्या का? नाही. त्यांनी ती अक्षरे फळ्यावर, पुस्तकात, वहीत पुन्हा पुन्हा दाखवली. तुम्ही चुकलात, की योग्य अक्षर सांगितले. हळूहळू तुमची नजर तयार झाली. यंत्रालाही असेच शिकवतात. त्यासाठी संगणकात गणिताची एक रचना तयार केलेली असते. आपल्या मेंदूतील चेतापेशींच्या जाळ्यावरून तिची कल्पना सुचली, म्हणून तिला ‘न्यूरल नेटवर्क’ म्हणतात. मराठीत आपण तिला ‘चेताजाल’ म्हणू.

चेताजालात लाखो आकडे असतात. सुरुवातीला ते कसेही असतात, त्यामुळे उत्तरही कसेही येते. त्याला एक छायाचित्र दाखवतात. ते उत्तर देते, ‘ही व्यक्ती क्रमांक सात.’ छायाचित्राच्या लेबलावर मात्र ‘व्यक्ती क्रमांक बारा’ असे लिहिलेले असते. मग चूक किती झाली हे मोजून आतले आकडे थोडे थोडे बदलले जातात. असे हजारो छायाचित्रांवर, पुन्हा पुन्हा केले जाते. शेवटी उत्तरे बरोबर येऊ लागतात. यावरून एक गोष्ट लक्षात घ्या. येथे गुरुजी म्हणजे लेबल. लेबल चुकले, तर यंत्र ती चूकच मन लावून शिकते. म्हणून खरी मेहनत यंत्र बनवण्याआधी, लेबल लावलेल्या छायाचित्रांचा संग्रह करण्यात असते. अशा संग्रहाला माहितीसंच म्हणतात.

आपल्या देशात असे संच तयार करण्याचे प्रयत्न बऱ्याच वर्षांपासून होत आहेत. २००२ साली कानपूरच्या आय. आय. टी.त भारतीय चेहऱ्यांचा एक संच तयार झाला. त्यात एकेका व्यक्तीची अकरा वेगवेगळी छायाचित्रे होती. समोर पाहणारा चेहरा, डावीकडे, उजवीकडे, वर आणि खाली पाहणारा चेहरा, तसेच साधा, हसरा आणि दुःखी चेहरा. मागे एकसारखी उजळ पार्श्वभूमी होती. असा संच अभ्यासाला सोयीचा असतो. पण बाहेरच्या जगात माणसे अशी शांत उभी राहत नाहीत. बाजारात ऊन असते, सावली असते, धूळ असते. कोणाच्या तोंडावर रुमाल असतो, कोणाचा हात गालावर असतो.

ही अडचण ओळखून २०१३ साली हैदराबादच्या ट्रिपल आय. टी. या संस्थेतून एक वेगळा संच पुढे आला. त्याचे नाव ‘इंडियन मूव्ही फेस डेटाबेस’. भारतीय भाषांतील शंभराहून अधिक चित्रपटांच्या चित्रफितींतून त्यासाठी चेहरे निवडले गेले. १०० कलावंतांची मिळून ३४,५१२ छायाचित्रे त्यात आहेत. प्रत्येक कलावंताची किमान २०० छायाचित्रे आहेत. एकच नट एका चित्रपटात तरुण, तर दुसऱ्यात म्हातारा असतो. कधी तो उन्हात उभा असतो, कधी कंदिलाच्या उजेडात. त्यामुळे एका माणसाचे किती चेहरे असू शकतात, हे या संचात दिसते. चेहरे निवडणे आणि कापून वेगळे करणे हे सारे काम माणसांनी हातांनी केले.

मग प्रत्येक छायाचित्राला लेबले लावण्यात आली. व्यक्ती कोण, स्त्री की पुरुष, हे तर लिहिलेच. शिवाय वय: बालक, तरुण, मध्यम की वृद्ध. मानेची दिशा: समोर, डावीकडे, उजवीकडे, वर की खाली. उजेड कमी, मध्यम की भरपूर. चेहऱ्यावरचा भाव: आनंद, दुःख, राग, आश्चर्य, भीती, तिरस्कार. चेहऱ्याचा काही भाग झाकला आहे का, आणि कशाने: चष्मा, दाढी, दागिने, केस की हात. रंगभूषा आहे का, आणि किती. आता मघाचा मोगल कारकुनाचा कागद आठवा. रंग, कपाळ, भुवया, वण! काम तेच, पण येथे कागद एक नाही, चौतीस हजारांहून अधिक आहेत.

लेबल किती नेमके असावे लागते, हे आपल्या गावाच्या नावावरूनच पाहा. पाकिटावर नुसते ‘मुरुड’ लिहून ते पेटीत टाकले, तर ते कोठे जाईल? एक मुरुड आपल्या लातूर जिल्ह्यात आहे. दुसरे रायगड जिल्ह्यात, जंजिरा किल्ल्याजवळ आहे. तिसरे रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळ आहे, ते महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. पत्ता खोटा नाही, पण अपुरा आहे. अपुरे लेबल असेच घोटाळे करते. म्हणून काम सुरू करण्याआधीच नियम लिहून ठेवतात. किती वर्षांच्या माणसाला ‘वृद्ध’ म्हणायचे? तीन दिवसांची खुरटी दाढी ही ‘दाढी’ धरायची का? हे ठरलेले नसेल, तर दोन माणसे एकाच छायाचित्राला दोन लेबले लावतील.

भावांचे लेबल तर सर्वांत अवघड. भुवया आकसलेला माणूस रागावलेला असेल, किंवा त्याच्या डोळ्यांवर ऊन आले असेल. म्हणून तेच छायाचित्र दोन-तीन जणांना वेगवेगळे दाखवतात आणि त्यांचे मत जुळते का हे पाहतात. मत जुळले नाही, तर पुन्हा तपासतात किंवा ते छायाचित्र बाजूला ठेवतात. येथे आणखी एक सावधगिरी हवी. लेबल फक्त दिसते ते सांगू शकते. माणसाच्या मनात काय आहे, तो प्रामाणिक आहे की नाही, हे चेहऱ्यावर लिहिलेले नसते. तसे लेबल लावणे म्हणजे लेबल लावणाऱ्याची मते यंत्राच्या डोक्यात भरणे होय.

काही कामांसाठी चेहऱ्यावर खुणेचे ठिपकेही द्यावे लागतात. डोळ्यांचे कोपरे, नाकाचा शेंडा, ओठांच्या कडा, हनुवटीची रेषा अशा ६८ जागा ठिपक्यांनी दाखवण्याची पद्धत बरीच रूढ आहे. या ठिपक्यांच्या मदतीने वाकडी मान सरळ करता येते आणि सगळे चेहरे एका मापात आणता येतात.

हे कंटाळवाणे काम करते कोण? बहुतेक वेळा त्यांची नावे कोणाला माहीत नसतात. अवधचे नवाब वाजिद अली शाह यांनी राज्य गेल्यावर कोलकात्याजवळ ज्या मेटियाब्रुज भागात उरलेले आयुष्य काढले, त्या भागात आयमेरिट नावाच्या कंपनीने एक केंद्र काढले. तेथे अनेक मुस्लिम तरुणी संगणकावर चित्रांना लेबले लावण्याचे काम शिकल्या आणि घरचा आधार बनल्या. यंत्र हुशार आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्या हुशारीत अशा कितीतरी हातांचा वाटा असतो.

संच तयार झाला, की त्याचे तीन भाग करतात. पहिला मोठा भाग शिकवण्यासाठी, दुसरा सरावाची तपासणी करण्यासाठी आणि तिसरा अंतिम परीक्षेसाठी. ‘लातूर पॅटर्न’ हे नाव तुम्ही ऐकले आहे. त्यात भर असतो तो सरावावर, पुन्हा पुन्हा चाचण्या देण्यावर. पण सरावात सोडवलेली प्रश्नपत्रिकाच बोर्डाच्या परीक्षेत आली, तर मिळालेल्या गुणांना काय अर्थ? यंत्राचेही तसेच. शिकवताना दाखवलेले छायाचित्र परीक्षेत आले, तर यंत्राने विषय समजून घेतला की पाठांतर केले, हे कळणार नाही. म्हणून परीक्षेचा भाग कुलूपबंद ठेवतात.

आता मघाच्या प्रश्नाकडे वळू. यंत्र आजोबांना का ओळखत नाही? मोबाईलचा कॅमेरा जुना असेल, उजेड अपुरा असेल, हे खरे. पण आणखी एक कारण असू शकते. शिकवताना आजोबांसारखे चेहरे यंत्राला दाखवलेच नसतील.

अमेरिकेत २००७ साली एक संच प्रसिद्ध झाला. बातम्यांतील छायाचित्रांतून त्यासाठी ५,७४९ व्यक्तींची १३,२३३ छायाचित्रे घेतली होती. जगभरच्या संशोधकांनी तो वर्षानुवर्षे वापरला. पण त्यात गोऱ्या वर्णाच्या पुरुषांचे चेहरे फार मोठ्या प्रमाणात होते. बातमीत ज्यांची छायाचित्रे येतात, तेच संचात आले. पुढे २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन संशोधक स्त्रियांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन यंत्रणा तपासल्या. त्यासाठी त्यांनी आफ्रिकेतील तीन आणि युरोपातील तीन देशांच्या संसद सदस्यांची १,२७० छायाचित्रे जमवली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण ०.८ टक्क्यांच्या वर गेले नाही. सावळ्या-काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. म्हणजे शंभरात जवळजवळ पस्तीस चुका. हे उघड झाल्यावर त्या कंपन्यांनी आपल्या यंत्रणा सुधारल्या आणि पुढच्या तपासणीत चुका बऱ्याच कमी झाल्या. यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. जे चेहरे संचात कमी असतात, त्यांच्यावर अन्याय होतो. आणि तो अन्याय कोणी मोजून दाखवला, तर दूर करता येतो.

हैदराबादच्या संचालाही ही कसोटी लावून पाहा. त्यात ६७ पुरुष आणि ३३ स्त्रिया आहेत. आणि ते सगळे चित्रपटातील कलावंत आहेत. आपल्या मुरुडच्या आठवडी बाजारात एक फेरी मारा. तूर-सोयाबीनच्या शेतात राबून उन्हाने रापलेला चेहरा तेथे भेटेल. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेली आजी भेटेल. पटका बांधलेले शेतकरी, मेंदीने लाल केलेल्या दाढीचे चाचा, नकाब घेतलेल्या भगिनी, देवीच्या वणांचा एखादा म्हातारा चेहरा, हे सगळे भेटतील. यांतले किती चेहरे चित्रपटात नायक म्हणून दिसतात? आपल्या भागासाठी यंत्र हवे असेल, तर त्याला हे चेहरेही दाखवावे लागतील, आणि पुरेशा संख्येने दाखवावे लागतील.

मग काय, कॅमेरा घेऊन बाजारात जायचे आणि दिसेल त्याचे छायाचित्र काढायचे? मुळीच नाही. येथेच या कामातील सर्वांत महत्त्वाचा नियम येतो, तो म्हणजे संमती. आपला चेहरा आपला आहे. पासवर्ड चोरीला गेला, तर बदलता येतो. चेहरा बदलता येत नाही. एका परदेशी कंपनीने इंटरनेटवरून सुमारे एक लाख व्यक्तींची जवळजवळ एक कोटी छायाचित्रे गोळा करून एक संच तयार केला होता. ज्यांचे चेहरे घेतले, त्यांना विचारले नव्हते. त्यावर टीका झाली आणि २०१९ साली तो संच मागे घेण्यात आला. पण तोपर्यंत त्याच्या नकला जगभर गेल्या होत्या. सुटलेला बाण परत येत नाही, तशीच ही गोष्ट.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल दिला. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम जाहीर झाले. ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरायची असेल, तर पालकांची संमती घेतली पाहिजे आणि ती खरी आहे याची खात्री करता आली पाहिजे, असे या कायद्यात सांगितले आहे. म्हणजे तुमच्या वयाच्या मुलामुलींचा कायद्याने स्वतंत्र विचार केला आहे.

संमती म्हणजे नुसती सही नव्हे. छायाचित्र कशासाठी हवे, ते कोठे ठेवणार, किती दिवस ठेवणार, नंतर नको वाटले तर काढून टाकता येईल का, हे माणसाला त्याच्या भाषेत समजले पाहिजे. मराठीत सांगून कळले नाही, तर उर्दूत सांगितले पाहिजे. आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याचे ‘नाही’ मानले पाहिजे. पडदा पाळणारी एखादी भगिनी चेहऱ्याचे छायाचित्र देण्यास तयार नसेल, तर तो तिचा अधिकार आहे. त्यामुळे तिचे रेशन, तिचे निवृत्तिवेतन किंवा तिची हजेरी अडता कामा नये. तिच्यासाठी दुसरा मार्ग खुला असला पाहिजे. तसाच तो यंत्राने न ओळखलेल्या आजोबांसाठीही असला पाहिजे.

शेवटी आणखी एक गोष्ट. यंत्र कधीही ‘हा तोच माणूस आहे’ असे खात्रीने म्हणत नाही. दोन चेहऱ्यांत किती साम्य आहे, याचा ते फक्त एक आकडा देते. किती साम्याला ‘हो’ म्हणायचे, ती रेषा माणूस आखतो. रेषा खाली आखली, तर परका माणूस आत येतो. वर आखली, तर घरचाच माणूस बाहेर राहतो. आजोबांचे हयात असणे यंत्राच्या आकड्यावर ठरत नाही. ते हयात आहेत म्हणून हयात आहेत. यंत्राला ते पटले नाही, तर समोर बसलेल्या माणसाने आजोबांकडे पाहावे, त्यांचे बोलणे ऐकावे आणि निर्णय घ्यावा.

तुमच्यापैकी काही जण पुढे संगणकाचे शिक्षण घेतील. कोणी असे संच तयार करतील, कोणी लेबले लावतील, कोणी ती रेषा आखतील. त्या वेळी तीन प्रश्न स्वतःला जरूर विचारा. यात कोण राहून गेले? लेबल खरे आणि पुरते आहे का? ज्याचा चेहरा घेतला, त्याला विचारले का? या तीन प्रश्नांची उत्तरे यंत्राला देता येत नाहीत. ती तुम्हालाच द्यावी लागतील.

शब्दार्थ

दफ्तर – सरकारी कागदपत्रे ठेवण्याची जागा; कचेरी
हजेरी – उपस्थिती, हाजिरी
अभिलेखागार – जुनी कागदपत्रे जपून ठेवण्याची जागा
हयातीचा दाखला – माणूस जिवंत असल्याचे प्रमाणपत्र
निवृत्तिवेतन – नोकरी संपल्यानंतर मिळणारी पेन्शन
माहितीसंच – नीट लावून ठेवलेला माहितीचा संग्रह
वण – जखम भरल्यानंतर राहिलेली खूण
रापणे – उन्हाने रंग काळवंडणे
संमती – परवानगी, इजाजत
रूढ – नेहमीच्या वापरात असलेले

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मोगलांच्या लष्करी दफ्तरात ‘चेहरा’ कशाला म्हणत?
(आ) ६४० ठिपके रुंद आणि ४८० ठिपके उंच छायाचित्रात एकूण किती ठिपके असतात?
(इ) संचाचा परीक्षेचा भाग कुलूपबंद का ठेवतात?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘मुरुड’ या नावाच्या उदाहरणातून लेखकाने काय समजावून सांगितले आहे?
(आ) चित्रपटातील कलावंतांच्या छायाचित्रांवर शिकलेले यंत्र बाजारातील माणसांना ओळखताना का चुकू शकेल?

३. तुमच्या शाळेत चेहरा दाखवून हजेरी घेण्याचे ठरले आहे, अशी कल्पना करा. त्याआधी मुख्याध्यापकांना तुम्ही कोणते चार प्रश्न विचाराल? ते मराठीत लिहा.

४. चेहरा, नजर, हजेरी, खूण, नकाब या शब्दांपैकी कोणते शब्द उर्दूतही आहेत ते ओळखा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.